कॉम्पॅक्ट की डीएसएलआर? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडलेल्या ऑस्कर बारनॅक यांची गोष्ट

खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा की एंट्री लेव्हलचा डीएसएलआर? पहिला कॅमेरा घेताना हा प्रश्न जवळपास प्रत्येकालाच पडतो. दुकानदार मेगापिक्सेल मोजून दाखवतो, मित्र म्हणतो डोळे झाकून डीएसएलआर घे, आणि घरचे म्हणतात एवढं धूड गळ्यात कोण वागवणार? गंमत म्हणजे तिघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, आणि म्हणूनच निर्णय होत नाही.

आज आपण स्पेसिफिकेशनचे तक्ते थोडा वेळ बाजूला ठेवू आणि एका माणसाच्या आयुष्याकडे बघू. त्यांचं नाव ऑस्कर बारनॅक. लायका कॅमेऱ्याचे जनक म्हणून फोटोग्राफीच्या जगात त्यांना सगळे ओळखतात. लहान की मोठा हा प्रश्न त्यांच्यासाठी हौसेचा नव्हता, तब्येतीचा होता. आणि त्यांनी काढलेलं उत्तर आजही तुमच्या-आमच्या कामाचं आहे. महागड्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत फुल फ्रेम हा शब्द तुम्ही वाचला असेल. २४ बाय ३६ मिलिमीटरचं ते माप बारनॅक यांच्याच कॅमेऱ्यामुळे रूढ झालं.

नाजूक तब्येत आणि जड पेटी

बारनॅक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी बर्लिनच्या दक्षिणेला असलेल्या लिनोव नावाच्या छोट्याशा गावात झाला. पुढे कुटुंब बर्लिनजवळ राहायला आलं आणि तिथे त्यांनी खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी केली. म्हणजे सुरुवातच अशा कामाने झाली, जिथे केसाएवढी चूकही चालत नाही. १९०२ मध्ये ते येना शहरातल्या कार्ल झाइस या प्रसिद्ध कंपनीत मेकॅनिक म्हणून रुजू झाले.

येनाच्या आजूबाजूला ट्युरिंगियाचं डोंगराळ जंगल आहे. सुट्टी मिळाली की बारनॅक फोटो काढायला तिकडे निघायचे. आता त्या काळचा कॅमेरा कसा असायचा ते बघा. त्यांच्याकडे १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा कॅमेरा होता. सोबत प्लेट ठेवायचे सहा दुहेरी होल्डर, म्हणजे एकूण १२ काचा. हे सगळं ठेवायला मोठी चामड्याची पेटी आणि वर ट्रायपॉड. दिवसभराच्या पायपिटीनंतर हाती काय लागणार? फार तर १२ फोटो.

धडधाकट माणसालाही हे ओझं जड जाईल. बारनॅक यांना तर दमा होता. पेटी घेऊन चढ चढताना त्यांचा श्वास लागायचा. त्यांच्यापुढे सरळ दोन पर्याय होते. एक म्हणजे कॅमेरा घरी ठेवून फिरायला जायचं आणि दुसरा म्हणजे स्वतःच घरी बसायचं. दोन्हीही त्यांना मान्य नव्हते.

पहिला प्रयत्न फसला

साधारण १९०५ च्या सुमाराला त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. निगेटिव्ह लहान घ्यायची आणि नंतर तिच्यावरून मोठा फोटो छापायचा. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हा सर्रास पद्धत अशी होती की निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. काच कागदावर ठेवायची, उजेड द्यायचा, झाला फोटो तयार. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा घ्या, हा साधा हिशोब.

बारनॅक यांनी करून बघितलं. एकाच १३ बाय १८ च्या काचेवर ओळीने पंधरा-वीस लहान लहान फोटो काढायची जुळणी त्यांनी केली. फोटो निघाले, पण मोठे केल्यावर सगळे रवाळ, बारीकसारीक तपशील गायब.

असं का झालं? फोटोच्या काचेवर चांदीच्या क्षारांचे कण असतात आणि चित्र त्या कणांनीच बनतं. रांगोळीचं उदाहरण घ्या. जाड रांगोळीने अंगणभर कमळ काढलं तर झकास दिसतं. तेच कमळ त्याच जाड रांगोळीने पाटाएवढ्या जागेत काढायला गेलात तर पाकळ्या एकमेकींत मिसळून जातात. चित्र लहान करायचं तर रांगोळीही तेवढीच बारीक लागते. त्या वेळच्या काचेच्या प्लेटवर ती तेवढी बारीक नव्हती.

म्हणजे कॅमेरा नुसता आकाराने लहान करून भागणार नव्हतं. आतला माल, भिंग आणि यंत्र, सगळंच सुधारायला हवं होतं. हे काम एकट्या हौशी माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. कल्पना तशीच पडून राहिली.

वेट्झलारचा लिलिपुट

झाइसमधले त्यांचे एक सहकारी, एमिल मेखाउ, वेट्झलार गावातल्या एर्न्स्ट लाइट्झ या कंपनीत गेले होते. ही कंपनी मायक्रोस्कोपसाठी नावाजलेली. मेखाउ तिथे सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करत होते. त्यांनी बारनॅक यांचं नाव सुचवलं आणि जानेवारी १९११ मध्ये बारनॅक वेट्झलारला आले. नवीन यंत्रांचे नमुने बनवणाऱ्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

इथे त्यांचा संबंध सिनेमाच्या फिल्मशी आला आणि जुन्या कल्पनेला हवं होतं ते मिळालं. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद. ती काचेपेक्षा हलकी, गुंडाळून ठेवता येणारी. पडद्यावर प्रचंड मोठी करून दाखवायची असल्यामुळे तिचे कणही बऱ्यापैकी बारीक. शिवाय दोन्ही कडांना भोकं, त्यामुळे दातेरी चाकाने ती अगदी मोजून पुढे सरकवता येते.

सिनेमाची एक चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची असायची. बारनॅक यांना स्थिर फोटोसाठी ती अपुरी वाटली. म्हणून त्यांनी दोन चौकटींची जागा एका फोटोला दिली, म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटर. त्यासाठी सिनेमाच्या कॅमेऱ्यात उभी धावणारी फिल्म त्यांनी आडवी फिरवली.

मार्च १९१४ मध्ये हा छोटा कॅमेरा तयार झाल्याची नोंद त्यांच्या कामाच्या वहीत आहे. त्याला लिलिपुट असं लाडकं नाव मिळालं होतं. धातूची बॉडी, कोटाच्या खिशात जाईल एवढा आकार. सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे वरचं एक बटण फिरवलं की फिल्म एक फोटो पुढे जायची आणि त्याच वेळी शटरही पुढच्या फोटोसाठी ताणलं जायचं. एकावर एक दोन फोटो उमटण्याची भीतीच संपली.

अर्थात हा नमुना होता, त्यात त्रुटी होत्याच. सिनेमाच्या कॅमेऱ्याचं भिंग एवढी मोठी चौकट पुरती व्यापू शकत नव्हतं, म्हणून लाइट्झच्याच, अगदी जवळून लहान वस्तूंचे फोटो काढायच्या भिंगावर काम भागवलं. फिल्म पुढे सरकवताना शटरची फट उघडी राहायची, त्यामुळे दर वेळी भिंगावर टोपी लावायला लागायची. विसरलात तर फोटो गेला.

पण आता दम्याचा माणूस दिवसभर कॅमेरा घेऊन फिरू शकत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा वेट्झलारच्या रस्त्यावरचं दृश्य त्यांनी टिपलं. १९२० मध्ये गावात पूर आला, तेव्हा पाण्यात बुडालेल्या गल्ल्यांची फोटोंची मालिकाच त्यांनी काढली. पुराच्या पाण्यात ट्रायपॉड रोवून काचेच्या प्लेट बदलत बसणं किती जिकिरीचं झालं असतं याची कल्पना करा.

बनवायचा की नाही?

कॅमेरा तयार असूनही बाजारात यायला अकरा वर्षं लागली. आधी युद्ध आलं. मग १९२० मध्ये कंपनीचे संस्थापक वारले आणि सूत्रं त्यांचा मुलगा, दुसरे एर्न्स्ट लाइट्झ, यांच्याकडे आली. १९२३ मध्ये जर्मनीत महागाई एवढी भडकली की सकाळची नोट संध्याकाळी रद्दीच्या मोलाची व्हायची.

त्याच सुमाराला चाचणीसाठी वीस-पंचवीस कॅमेरे बनवून जाणकारांना वापरायला दिले गेले. मतं दोन्हीकडची आली. शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. व्यावसायिक फोटोग्राफर मोठ्या काचेवर काम करायला सरावलेले. ते निगेटिव्हवरच पेन्सिलीने डागडुजी करायचे. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यावर ती कशी करणार? शिवाय प्रत्येक फोटो मोठा करून छापायचा म्हणजे एनलार्जर नावाचं वेगळं यंत्र आलं. आणि मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपनीने कॅमेऱ्याच्या धंद्यात उडी घ्यायचीच कशाला?

जून १९२४ मध्ये कंपनीत यावर बैठक झाली. बराच वेळ बाजूने आणि विरोधात बोलणं चाललं. लाइट्झ यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जोखीम घ्यायची, असं जाहीर करून टाकलं. मंदीचे दिवस होते. हा कॅमेरा चालला तर कामगारांच्या हाताला काम मिळणार होतं आणि फसला तर आधीच अडचणीत असलेली कंपनी आणखी खोलात जाणार होती. बारनॅक यांची वीस वर्षांची खटपट त्या एका निर्णयावर लटकलेली होती.

१९२५ च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून नाव झालं लायका. पहिल्या वर्षी हजारापेक्षा थोडे कमीच कॅमेरे बनले. पण मागणी वाढत गेली.

लहान असण्याची किंमत कशी भरून काढली?

हा भाग नीट समजून घ्या, कारण तुमच्या खरेदीचं उत्तर इथेच आहे.

१३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचेचं क्षेत्रफळ होतं २३,४०० चौरस मिलिमीटर. लायकाच्या चौकटीचं फक्त ८६४. म्हणजे बारनॅक यांनी चित्राची जागा तब्बल २७ पटीने कमी केली होती. जागा कमी झाली की प्रत्येक चूकही फोटोसोबत मोठी होते. भिंग जरा मऊ असेल, फिल्म जरा वाकली असेल, हात जरा हलला असेल, सगळं वाढून दिसतं.

म्हणून उरलेलं सगळं जास्त काटेकोर करावं लागलं. लाइट्झमधले शास्त्रज्ञ माक्स बेरेक यांनी खास या चौकटीसाठी ५० मिलिमीटरचं, एफ/३.५ चं भिंग तयार केलं. मायक्रोस्कोपच्या भिंगांचा सगळा अनुभव त्यात उतरला. पुढे एल्मार या नावाने ते गाजलं. भिंग नळीसारखं आत ढकलता यायचं, त्यामुळे कॅमेरा खिशात मावायचा. फिल्म भिंगासमोर सपाट राहील याची काळजी घेतली गेली. शटर आता फिल्म सरकवताना बंद राहायचं, त्यामुळे टोपीची कटकट गेली, आणि वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत होता, म्हणजे हातात धरून फोटो काढता येत होता. जोडीला फोटो मोठे करायला एनलार्जरही होता. म्हणजे गिऱ्हाइकाला निगेटिव्हपासून भिंतीवरच्या फोटोपर्यंतचा अख्खा रस्ता मिळत होता.

तरीही मोठ्या काचेतून मिळणारा तपशील लायकातून मिळत नव्हता. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून बघितलं असतं तर मोठा कॅमेराच जिंकला असता. बारनॅक यांनी मोठ्या कॅमेऱ्याला हरवलं नाही. त्यांनी लहान कॅमेरा पुरेसा चांगला करून दाखवला, आणि जिथे मोठा कॅमेरा पोहोचतच नव्हता तिथे त्याला पोहोचवलं.

लहान कॅमेरा मोठा होत गेला

लोकांना लायका आवडला आणि मग मागण्या सुरू झाल्या. दुसरं भिंग लावता यावं, अंतर अंदाजाने ठरवावं लागू नये, वगैरे. १९३० मध्ये भिंग बदलता येणारा लायका आला. १९३२ मध्ये अंतर मोजणारा रेंजफाइंडर बॉडीतच बसवलेला दुसऱ्या पिढीचा लायका आला. त्याच वर्षी स्पर्धेत झाइस गटाचा कॉन्टॅक्स उतरला. ज्या झाइसमध्ये बारनॅक यांनी एके काळी नोकरी केली होती, तिथलाच.

फ्रान्सचे ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारखे फोटोग्राफर याच सुमाराला लायका घेऊन रस्त्यावर उतरले. जानेवारी १९४८ मध्ये दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, तेव्हा कार्तिए-ब्रेसाँ तिथेच होते. हत्येच्या आधी त्यांनी गांधीजींची भेट घेतली होती आणि नंतर शोकाकुल गर्दीचे, अंत्ययात्रेचे फोटो काढले. आपल्या देशाच्या आठवणीत राहिलेली त्या दिवसांची कितीतरी दृश्यं अशी एका लहान कॅमेऱ्यातून आलेली आहेत.

बारनॅक यांना हे बघायला मिळालं नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी, बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी लाइपझिगच्याच जत्रेत किने-एक्झाक्टा नावाचा कॅमेरा दाखवला गेला. त्यात बारनॅक यांचीच २४ बाय ३६ ची चौकट होती, पण भिंगामागे आरसा बसवलेला होता, म्हणजे भिंगाला दिसतं तेच डोळ्याला दिसणार. ३५ मिलिमीटरच्या पहिल्यावहिल्या एसएलआर कॅमेऱ्यांपैकी तो एक. त्याच घराण्यात पुढे फिल्मच्या जागी सेन्सर आला आणि तो झाला डीएसएलआर.

थोडक्यात काय, तुमच्या डोळ्यांसमोर भांडणारे दोन्ही कॅमेरे, खिशातला आणि गळ्यातला, नात्याने बारनॅक यांच्याच घरचे आहेत.

मग तुम्ही कोणता घ्यायचा?

बारनॅक यांचा हिशोब आजच्या मापात मांडू.

* साधा, स्वस्त कॉम्पॅक्ट: सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटर.
* एक इंची म्हणून विकला जाणारा सेन्सर असलेला कॉम्पॅक्ट, उदाहरणार्थ सोनीची आरएक्स१०० मालिका: १३.२ बाय ८.८, म्हणजे सुमारे ११६.
* एंट्री लेव्हल डीएसएलआर: साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे सुमारे ३६७. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो.

साधा कॉम्पॅक्ट आणि डीएसएलआर यांच्यात १३ पटीचा फरक आहे. लग्नाच्या अल्बममध्ये असतो तसा १२ बाय १८ इंची फोटो छापायचा असेल, तर डीएसएलआरचं चित्र रुंदीत साधारण १९ पट वाढवावं लागतं आणि साध्या कॉम्पॅक्टचं ७४ पट. मेगापिक्सेल दोन्हीकडे सारखे असले तरी हा फरक मिटत नाही. जाड रांगोळीचं उदाहरण आठवा.

आता दुसरी बाजू. किट लेन्स लावलेला एंट्री लेव्हल डीएसएलआर भरतो ६०० ते ७०० ग्रॅम, वर बॅग आणि चार्जर. पहिले दोन महिने तो सगळीकडे येतो. नंतर बऱ्याच घरांत तो कपाटात जातो आणि गणपतीला, नाहीतर बारशाला बाहेर निघतो. कॉम्पॅक्ट २५०-३०० ग्रॅमचा, रोज सोबत.

म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. फोटो शेवटी कुठे बघितला जाणार? फक्त मोबाइलच्या पडद्यावर असेल तर मोठ्या सेन्सरचा बराचसा फायदा दिसणारच नाही. मोठे प्रिंट, किंवा संध्याकाळी घरात धावणाऱ्या मुलांचे फोटो हवे असतील तर मोठा सेन्सर घ्या.

२. कॅमेरा नेमका कुठे न्यायचाय? सह्याद्रीत ट्रेक, लोकलचा प्रवास, सायकल, असं असेल तर वजन हा पहिला मुद्दा. घरगुती कार्यक्रम, पक्षी, शाळेचं गॅदरिंग असेल तर भिंग बदलता येणं जास्त मोलाचं.

३. दुसरं भिंग खरंच घेणार आहात का? डीएसएलआरची खरी ताकद भिंग बदलण्यात आहे. किट लेन्सवरच आयुष्य काढणार असाल, तर चांगल्या कॉम्पॅक्टचं पक्कं बसवलेलं, उजळ भिंग तुम्हाला जास्त काम देईल.

एक सावधगिरीची सूचना. बऱ्यापैकी मोबाइल हाताशी असेल तर लहान सेन्सरचा स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊन फारसं काही हाती लागत नाही, झूम सोडला तर. खिशातलाच हवा असेल तर निदान एक इंची सेन्सरचा बघा. रिको जीआर थ्रीसारख्या कॅमेऱ्यात तर डीएसएलआरएवढाच सेन्सर खिशात मावतो, फक्त झूम नसतो. आणि डीएसएलआर घेताना हेही लक्षात ठेवा की कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे वळलंय, त्यामुळे त्याच पैशांत तो पर्यायही बघून घ्या.

दुकानात जाण्याआधी एक सोपा प्रयोग करा. ६०० ग्रॅम वजनाचं काहीतरी, अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली आणि वर थोडं सामान, एका छोट्या बॅगेत घाला आणि एक रविवार ती खांद्याला लावून फिरा. संध्याकाळपर्यंत ती खांद्यावरच राहिली तर डीएसएलआर बघा. दुपारीच कुठेतरी ठेवून द्यावीशी वाटली, तर बारनॅक यांच्या वाटेने जा आणि परवडेल त्यातला सगळ्यात चांगला लहान कॅमेरा घ्या.